‘लोकांना विचारत बसलो, तर...’

‘लोकांना विचारत बसलो, तर या शहरात एकही रस्ता व्हायचा नाही.’

हे वाक्य धारवाडात मी इतक्यांदा ऐकलं आहे, की समोरच्याने सुरुवात केली की शेवट आधीच कळतो. ते बोलणारी माणसं वाईट नाहीत. आयुष्यभर पूल आणि कालवे बांधलेले निवृत्त अभियंते आहेत, माळमड्डीतले प्राध्यापक आहेत, रोज हुबळीला ये-जा करणारे डॉक्टर आहेत. त्यांना शहर चांगलं व्हायला हवं आहे, आणि कामं रखडलेली पाहून ती मनापासून वैतागलेली आहेत. म्हणूनच या वाक्याला उत्तर द्यावंसं वाटतं. एखाद्या लबाड माणसाने ते म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. सज्जन माणसं म्हणू लागली की तेच शहराचं धोरण होऊन बसतं.

या वाक्याच्या पोटात चार म्हणणी आहेत. विचारण्यात वेळ जातो. रस्ता, पाणी, गटार हे तज्ज्ञांचं काम आहे. आपण नगरसेवक निवडून दिले आहेत, ते विचारायला पुरेसे आहेत. आणि लोक शेवटी आपापल्या दारापुरतंच बोलतात. चारही म्हणणी ऐकायला शहाणपणाची वाटतात. हुबळी-धारवाडच्या गेल्या वीस वर्षांवर ती घासून पाहिली, तर तीन साफ खोटी ठरतात आणि चौथं अर्धं खरं निघतं.

वेळेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त तेच ऐकू येतं.

आपल्या दोन शहरांना जोडणारी जलद बससेवा, म्हणजे बीआरटीएस, पाहा. जागतिक बँकेच्या मदतीने देशातल्या काही शहरांत शाश्वत वाहतुकीचा प्रकल्प 2010 च्या सुमारास सुरू झाला. त्यात आपल्याबरोबर पिंपरी-चिंचवडही होतं. सुमारे 22 किलोमीटरचा मार्ग, मधोमध बससाठी राखीव मार्गिका, मध्यभागीच थांबे, दोन्ही बाजूंना बाकीची वाहनं. खर्च शेवटी 970 कोटी रुपयांच्या घरात गेला. प्रायोगिक तत्त्वावर बस धावली ती 2 ऑक्टोबर 2018 ला, आणि औपचारिक उद्घाटन झालं 2 फेब्रुवारी 2020 ला, उपराष्ट्रपती वेंकय्या नायडू यांच्या हस्ते. कल्पनेपासून उद्घाटनापर्यंत दहा वर्षं. या दहा वर्षांत लोकांशी चर्चा करण्यात नेमका किती वेळ गेला? रस्ता कुठून जावा, थांबा कुठे असावा, पाणी कुठून वाहून जावं यासाठी वॉर्डावॉर्डात नकाशा पसरून बसल्याचं मला आठवत नाही. वेळ गेला तो भूसंपादनात, दुकानं मागे हटवण्यात, झाडं तोडण्यावरून झालेल्या वादात, न्यायालयांत.

याच मार्गावरच्या बैरिदेवरकोप्पच्या दर्ग्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर 2022 मध्ये, म्हणजे बस धावू लागून चार वर्षं उलटल्यावर, मोठ्या पोलीस बंदोबस्तात रुंदीकरणाच्या आड येणारा भाग हटवला गेला. या रस्त्यावरची देवळंही रुंदीकरणात हलली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं नतमस्तक होतात ती जागा हलवायची असेल, तर पहिल्या रेघेच्या वेळी तिथल्या जाणत्यांबरोबर बसावं लागतं. शेवटच्या वर्षी बंदोबस्त घेऊन जाण्याची पाळी येते, कारण पहिल्या वर्षी कुणी सतरंजी टाकून बसलेलं नसतं. बंदोबस्ताचा खर्च आणि त्या दिवशी मनांवर उठलेला ओरखडा कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

बीआरटीएसच्या चिगरी बसमध्ये मी स्वतः बसतो. चिगरी म्हणजे हरिण. नाव चांगलं आहे आणि बसही चांगली आहे. थंडगार, स्वच्छ, धारवाडहून हुबळीला जुन्या बसपेक्षा लवकर पोहोचवणारी. तेव्हा हा प्रकल्प करायलाच नको होता, असं मी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. मधल्या थांब्यावर पोहोचायला बाजूची भरधाव वाहतूक ओलांडावी लागते. नवलूरचे पेरू विकायला कडेला बसणारी बाई, नवनगरातला काठी टेकत चालणारा पेन्शनर, विद्यानगरातली कॉलेजची पोरं, ही माणसं रस्ता कशी आणि किती वेळा ओलांडतात हे आराखड्याच्या पानावर दिसत नाही. ते त्यांना विचारावं लागतं. आणि बाजूच्या मार्गिकांत गाड्या कोंबल्या जाऊ लागल्या, तेव्हा राखीव मार्गिकेत मोकळी बस जाताना पाहून लोकांच्या मनात रोष साठला. उद्घाटनाला पाच वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात ‘बीआरटीएस बंद करा’ अशी मागणी रस्त्यावर आली, आणि 2024-25 मध्ये याच मार्गावर विजेवर चालणारी ट्रामसारखी लांब गाडी आणण्याच्या चर्चा सरकारदरबारी सुरू झाल्या. ज्या कामाला दहा वर्षं दिली त्याचा पाच वर्षांत फेरविचार. यात वेळ कुणी वाया घालवला?

दिल्लीत हेच झालं होतं. आंबेडकर नगर ते मूलचंद बीआरटी 2008 मध्ये सुरू झाली आणि 2016 मध्ये उखडून टाकण्यात आली. पुण्यात 2006 च्या डिसेंबरात कात्रज–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी धावली, आणि पुढे तिची काय अवस्था झाली हे पुणेकर वाचकांना सांगायला नको. बस वाईट होती म्हणून हे घडलं नाही. रस्त्यावर रोज वावरणाऱ्या माणसाला ती बस ‘आपली’ कधी वाटलीच नाही.

वेळेच्या बाबतीत मराठी वाचकाला कोल्हापूरची आठवण करून द्यायलाच हवी. तिथल्या एकात्मिक रस्तेविकास प्रकल्पात 2008 मध्ये शहरातल्या सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांचं काम खासगी कंपनीला दिलं गेलं. खर्च 220 कोटींचा, आणि बदल्यात 30 वर्षं टोल. आपल्याच शहरात, आपल्याच घरी जाताना टोल द्यावा लागणार, हे कोल्हापूरकरांना कराराआधी कुणी नीट सांगितलं नव्हतं. मग जे व्हायचं ते झालं. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं उतारवयात रस्त्यावर उतरली, मोर्चे निघाले, जानेवारी 2014 मध्ये टोलनाके पेटले. 2015 च्या डिसेंबरात टोल रद्द झाला. पानसरे ते पाहायला नव्हते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती. सरकारला कंपनीची भरपाई जनतेच्या पैशातून करावी लागली. करार करण्याआधी सहा महिने पेठापेठांत बसून लोकांसमोर आकडे मांडले असते, तर किती वर्षं वाचली असती याचा हिशोब ‘वेळ जातो’ म्हणणाऱ्यांनी एकदा करून पाहावा.

आता तज्ज्ञांचं म्हणणं.

तज्ज्ञ हवेत. पुलाचा खांब किती जाड असावा हे हात वर करून ठरवता येत नाही, आणि तशी मागणी कुणी केलेलीही नाही. पण शहराची किती माहिती तज्ज्ञाकडे असते? तो उपग्रहाचा नकाशा आणतो, चार ठिकाणी वाहनं मोजतो, माती तपासतो. तीन पावसाळ्यांपूर्वी कुठल्या कोपऱ्यावर गुडघाभर पाणी होतं, हे त्याला कोण सांगणार? धारवाड उंचवट्यावर वसलेलं आहे, मलनाडच्या कडेला. इथे पाऊस पडला की पाणी उताराची वाट धरतं. पूर्वी ते तळ्यांत जायचं. साधनकेरी, केलगेरी, कोळीकेरी ही नावं त्या पाण्याचीच आहेत. साधनकेरीच्या काठी मातृभाषा मराठी असलेले बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले. त्यांच्या दारासमोरचं तळं शोभेसाठी नव्हतं, साऱ्या परिसराचं पाणी तिथे थांबत होतं. आज मोठा पाऊस झाला की धारवाडच्या टोल नाक्यावर पाणी तुंबतं आणि बीआरटीएसच्या मार्गिकेतही शिरतं. दरवर्षी वर्तमानपत्रात तेच छायाचित्र, तीच बातमी. त्या नाक्यावर चाळीस वर्षं दुकान असलेल्या माणसाला पाण्याची वाट माहीत असते. त्याच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नसेल, पण चाळीस पावसाळ्यांची नोंद आहे. ती नोंद फुकट मिळत होती. ती घेतली नाही, याला तज्ज्ञता म्हणत नाहीत.

आमच्या भागातला एक लहान प्रसंग सांगतो. रस्त्याकडेचं गटार नव्याने बांधायला घेतलं, आणि त्याचा तळ जुन्या घरांच्या मोरीपेक्षा वर आला. समोरच्या आजी दारात उभ्या राहून मजुरांना सांगत होत्या, ‘अरे, पाणी चढावर जाणार नाही, परत आमच्याच घरात येईल.’ मजुरांच्या हातात काही नव्हतं, मुकादमाने ऐकलं नाही, आणि नकाशा पाहायला मागितला तर तो त्याच्याकडेही नव्हता. पहिल्या जोराच्या पावसात आजींच्या मोरीतून पाणी उलटं आलं. पुढच्या वर्षी तेच गटार पुन्हा फोडलं. या दोन वर्षांत आजींना कोणीही, एकदाही विचारलं नाही. पैसे दोनदा गेले आणि ते माझ्या-तुमच्या घरपट्टीतून गेले.

पाण्याची गोष्ट तर याहून बोलकी आहे, कारण जगभरच्या संशोधकांनी आपल्या शहराच्या पाण्याचा अभ्यास केला आहे. हुबळी-धारवाडला मलप्रभेवरच्या सौंदत्तीजवळच्या धरणातून आणि नीरसागरातून पाणी येतं. वर्षानुवर्षं ते तीन, चार, कधी आठ दिवसांनी एकदा यायचं. आल्यावर घरातली पिंपं, हौद, कळशा, लहानसहान भांडंसुद्धा भरून ठेवायचं. रात्री दोनला पाणी आलं तर रात्री दोनला उठायचं. जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पात हुबळीतले चार आणि धारवाडातले चार अशा आठ वॉर्डांना 2008 च्या सुमारास चोवीस तास पाणी सुरू झालं. देशात तेव्हा ही अपूर्वाईची गोष्ट होती. त्या कामात घरोघरी जाऊन लोकांशी बोलायला वेगळी माणसं नेमली होती, झोपडपट्टीतल्या घरांनाही जोडण्या दिल्या. म्हणजे विचारून काम करता येतं, हे याच शहराने याच काळात दाखवून दिलं आहे. दूरच्या कुठल्या देशाचं उदाहरण शोधायची गरज नाही.

पुढे कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2010-11 मध्ये चोवीस तास पाणी मिळणारे आठ वॉर्ड आणि थांबून-थांबून पाणी मिळणारे आठ वॉर्ड यांतल्या पाच वर्षांखालची मुलं असलेल्या 3,922 घरांची तुलना केली. नळाचं पाणी चोवीस तासवाल्या वॉर्डांत स्पष्टपणे स्वच्छ होतं. तरी सगळ्या मुलांच्या जुलाबांत एकंदर मोठा फरक दिसला नाही. गरीब घरांत मात्र रक्ताच्या जुलाबांच्या बाबतीत फायदा दिसला. आणखी एक गोष्ट आढळली. चोवीस तास पाणी असूनही अनेक घरांत भांड्यांत पाणी साठवण्याची सवय सुटली नव्हती. आता विचार करा, ही सवय का सुटली नाही हे नळ जोडणाऱ्या अभियंत्याला कळेल का? ज्या बाईने वीस वर्षं पाण्यासाठी रात्री जागून काढल्या, तिचा नळावर विश्वास एका वर्षात बसत नाही. तिला विचारलं तर ती सांगेल. तिच्या उत्तरावर आरोग्याचा फायदाही अवलंबून आहे.

याच शहरात, याच पाण्यावर, 2011 च्या सुमारास ‘नेक्स्टड्रॉप’ नावाचा एक उपक्रम सुरू झाला होता. त्याची कल्पना साधी होती. कुठल्या गल्लीत पाणी कधी सोडणार हे नक्की माहीत असणारा शहरातला एकमेव माणूस म्हणजे व्हॉल्व्हमन. तो चावी फिरवतो तेव्हाच पाणी निघतं. त्याने चावी फिरवताना फोन करून कळवायचं आणि गल्लीतल्या घरांना पाणी पोहोचण्याआधी मोबाइलवर संदेश जायचा. शहराच्या पाणीपुरवठ्याचं खरं वेळापत्रक कोणत्याही कार्यालयातल्या फायलीत नव्हतं, ते सायकलवर हिंडणाऱ्या माणसाच्या डोक्यात होतं. तज्ज्ञांनी बाहेरून येऊन मुद्दाम शोधलं, तेव्हा हे सापडलं. त्या तज्ज्ञांचा मला आदर आहे, कारण त्यांनी विचारलं. ‘तज्ज्ञांवर सोडा’ म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की चांगला तज्ज्ञ पहिली गोष्ट हीच करतो.

तिसरं म्हणणं नगरसेवकांचं. ‘आपण निवडून दिलेत ना? मग त्यांच्याशी बोला.’

बोलायला ते असायला हवेत. हुबळी-धारवाड महानगरपालिकेच्या जुन्या सभागृहाची मुदत मार्च 2019 मध्ये संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असं राज्यघटनेचं 243यू हे कलम सांगतं. निवडणूक झाली 3 सप्टेंबर 2021 ला. निकाल लागले, 82 नगरसेवक निवडून आले, तरी महापौर बसायला मे 2022 उजाडला. तीन वर्षांहून अधिक काळ साडेनऊ लाख लोकांच्या शहराला सभागृह नव्हतं. आणि ही तीन वर्षं कोणती होती? स्मार्ट सिटीची. सप्टेंबर 2016 मध्ये आपलं शहर त्या यादीत आलं होतं, आणि कामांचा खरा जोर याच काळात होता. रस्ते, उद्यानं, बाजार, उणकल नाल्याच्या काठचा हरित मार्ग, सगळं याच वर्षांत ठरलं किंवा उकरलं गेलं. निर्णय घेत होत्या कंपन्या. स्मार्ट सिटीची एक, बीआरटीएसची एक. कंपनीच्या संचालकांना कुणी मत देत नाही. कंपनीच्या बैठकीत होसूरचा रिक्षावाला किंवा दुर्गदबैलची फुलवाली प्रश्न विचारू शकत नाही. तेव्हा ‘लोकप्रतिनिधी आहेत ना’ हे उत्तर ज्या वर्षांसाठी सगळ्यात जास्त लागू पडायला हवं होतं, त्याच वर्षांत ते पोकळ होतं.

सभागृह असतानाही नगरसेवक एकटा पुरेसा नाही, हे कायद्यानेच मान्य केलं आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, हे 1993 पासून घटनेत आहे. कर्नाटकाने 2011 मध्ये महानगरपालिका कायद्यात बदल करून वॉर्ड समिती आणि तिच्याखाली मतदारांची क्षेत्रसभा आणली, 2016 मध्ये नियम केले. समितीत नगरसेवकाखेरीज दहा सदस्य, त्यांत किमान तीन महिला, दोन अनुसूचित जाती-जमातींचे, दोन रहिवासी संघटनांचे. महिन्यातून एकदा तरी बैठक. कागदावर हे उत्तम आहे. पण अध्यक्ष नगरसेवक, आणि समितीचा निर्णय अडवण्याचा अधिकारही त्याच्याच हाती, हा त्या कायद्यातला मोठा दोष आहे. आणि या समित्या व्हाव्यात म्हणूनच आपल्या शहरातल्या नागरिकांना मोहीम चालवावी लागली. जे कायद्याने मिळालं होतं ते मागून घ्यावं लागलं.

2011 च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती सुमारे 9 लाख 44 हजार. 82 वॉर्डांनी भागा. एका नगरसेवकामागे साडेअकरा हजार माणसं. तेही पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर. एका माणसाने साडेअकरा हजार जणांच्या गटारांची, नळांची, दिव्यांची, पदपथांची माहिती डोक्यात ठेवावी अशी अपेक्षा करणं हा त्या नगरसेवकावरही अन्याय आहे. चांगल्या नगरसेवकाला वॉर्ड समिती हवीच असते. ज्याला नको आहे त्याच्याबद्दल काय समजायचं, ते मतदारांनी ठरवावं.

आता चौथं म्हणणं, की लोक आपल्या दारापुरतंच पाहतात. हे अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला मला संकोच नाही. मी अशा बैठकांत बसलो आहे. एक गल्ली म्हणते, गटाराचं पाणी पलीकडच्या गल्लीत सोडा. वाहनवाले म्हणतात पदपथ अरुंद करा, पायी चालणारे गप्प बसतात, कारण बैठकीला तेच कमी आलेले असतात. मोठ्याने बोलणाऱ्याचं ऐकलं जातं. पुणे महानगरपालिकेने 2006-07 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची सोय केली, हे कौतुकाचं पाऊल होतं. पण तिथेही बाकं, पदपथ, दिवे अशा लहान कामांच्या सूचनांचा ढीग पडतो आणि मोठ्या प्रकल्पांचा निर्णय वेगळ्याच खोलीत होतो.

पण या अर्ध्या सत्यावरून निष्कर्ष काय काढायचा? दारापुरतं पाहणाऱ्या दोन गल्ल्यांना एकाच नकाशासमोर बसवा, दोघींना उताराची रेघ दाखवा, की दारापलीकडचं बोलणं सुरू होतं. ‘पाणी तुमच्याकडून आमच्याकडे येणारच, मग नाला कुठे मोठा करायचा?’ हा प्रश्न तिथे आपोआप निघतो. लोक दारापुरते बोलतात, कारण त्यांना दारापुरतंच विचारलं जातं. पूर्ण नकाशा त्यांना कधी दाखवलाच जात नाही. ब्राझीलच्या पोर्तु आलेग्रे शहराने 1989 पासून अंदाजपत्रक वस्त्यावस्त्यांतून ठरवायला सुरुवात केली. केरळने 1996 मध्ये लोकयोजनेची मोहीम काढली. तिथली माणसं आपल्यापेक्षा कमी स्वार्थी होती, असं कुणी म्हणणार नाही. त्यांना मोठा कागद आणि खरा पैसा समोर ठेवून बोलायला बसवलं गेलं होतं.

आणि खासगी स्वार्थाचंच बोलायचं, तर तो फक्त वस्तीत असतो का? रस्ता एका बाजूला थोडा वळवला की कुणाच्या जागेची किंमत चढते, हे आपल्या शहरात कुणाला ठाऊक नाही? बंद खोलीतला स्वार्थ कुणाला दिसत नाही, एवढाच फरक. उघड्या बैठकीत तो निदान तोंडावर बोलावा लागतो.

कागदाच्या भाषेचा प्रश्नही इथेच येतो. प्रकल्प अहवाल इंग्रजीत, शेकडो पानांचे, आकडे आणि आराखडे यांनी भरलेले. आपल्या शहरात कन्नड बोलणारे बहुसंख्य, उर्दू बोलणारे मोठ्या संख्येने, मराठी बोलणारी जुनी घरं माळमड्डीपासून हुबळीच्या दाजीबान पेठेपर्यंत. यांतल्या किती जणांना तो अहवाल वाचता येईल? निविदा निघाल्यावर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक नोटीस येते, हरकती मागवल्या जातात, मुदत संपते. ही वरातीमागून घोडं आणण्याची रीत आहे, आणि तिलाच ‘जनसुनावणी झाली’ असं म्हटलं जातं. नंतर कुणी बोललं तर त्याच्या तोंडावर तो कागद धरतात. बाधित कुटुंबांना नुकसानभरपाई विचारणं आणि शहराला आराखडा विचारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली म्हणून दुसरी झाली, असं होत नाही.

न विचारल्याचा शेवट कुठे जातो, ते धारवाडने दाखवलं आहे. 1962 मध्ये दोन शहरांची एक महानगरपालिका झाली. साठ वर्षं धारवाडच्या लोकांच्या मनात एक बोच राहिली, की पैसा आणि निर्णय हुबळीला जातात आणि धारवाडच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. ही बोच खरी की खोटी, यावर वाद होऊ शकतो. पण तिच्यावर बसून बोलायची जागा शहरात नव्हती. मग आंदोलनं झाली, समित्या झाल्या, आणि जानेवारी 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडसाठी वेगळ्या महानगरपालिकेला मान्यता दिली. मी धारवाडकर आहे, मला या निर्णयाचं दुःख नाही. पण नव्या पाटीखाली जुनीच रीत चालणार असेल, आराखडा बंगळुरात आणि सल्लागाराच्या कार्यालयात ठरणार असेल, तर हुबळीऐवजी धारवाडात बसलेला माणूस आपल्याला विचारणार नाही, एवढाच बदल होईल.

म्हणून मागणी अगदी मोजकी आहे. कोणतंही मोठं काम निविदेला जाण्याआधी त्याचा नकाशा त्या-त्या वॉर्डात कन्नडमध्ये, आणि जिथे गरज आहे तिथे उर्दू-मराठीत, भिंतीवर लावा. किमान दोन महिने. वॉर्ड समितीत आणि क्षेत्रसभेत तो मांडा. आलेल्या प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्या. मान्य केली असेल तर कुठे, नाकारली असेल तर का. नाकारायचा अधिकार अभियंत्याचा राहू द्या. कारण मात्र लोकांना मिळालं पाहिजे. चार-सहा महिने जातील. आपण आत्तापर्यंत घालवलेल्या वर्षांपुढे ते फार नाहीत.

ज्या मार्गिकेवर आपण दहा वर्षं घालवली, तिच्याच जागी नवी गाडी आणण्याच्या गोष्टी पुन्हा चालू आहेत. पुन्हा सल्लागार येतील, पुन्हा सादरीकरणं होतील, पुन्हा कुणीतरी चांगला माणूस म्हणेल की लोकांना विचारत बसलो तर काहीच होणार नाही. या वेळी त्याचं ऐकून घेऊ नका. टोल नाक्यावर पाणी कुठून येतं, नवलूरच्या थांब्यावर रस्ता कसा ओलांडायचा, बैरिदेवरकोप्पला कुणाच्या मनाला काय लागतं, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं जिवंत आहेत आणि याच शहरात राहतात. तुमच्या वॉर्ड समितीची पुढची बैठक कधी आहे, हे या आठवड्यात नगरसेवकाला विचारा. लेखी विचारा, आणि उत्तराची प्रत जपून ठेवा.